वाचनालयाची साईट: फाइली आणि फोल्डर लावायचे कसे? सालाप्रमाणे, गावाप्रमाणे की विषयाप्रमाणे?

१. वाचनालयवाले गुरुजी

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं काम बघतो. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून हाच उद्योग. वाचनालयाचा वार्षिक अंक १९७८ पासून निघतो. त्यातले लेख, कविता, गावाच्या आठवणी, जुने फोटो सगळं लोकांना वाचायला ठेवावं असं मनात आहे.

पूर्वी गावातल्याच एका मुलानं साईट करून दिली होती. तो बंगळूरला गेला, होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले आणि एके दिवशी उघडून बघतो तर डेटाबेससकट सगळं गायब. बॅकअप कुणाकडेच नाही. म्हणून या खेपेला भाचा म्हणाला, मामा, डेटाबेस नकोच. प्रत्येक लेख म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, ती फोल्डरमध्ये ठेवायची, आणि ह्यूगो नावाचा प्रोग्राम त्यातून साईट तयार करतो. मला पटलं. फाइल निदान डोळ्याला दिसते, कपाटातल्या वहीसारखी.

आता अडचण अशी की ३१२ लेख टाइप होऊन पडलेत आणि सगळे एकाच फोल्डरमध्ये. नावं बघा: 'लेख नवा', 'लेख नवा १', 'पाटील सरांचा लेख फायनल', 'पाटील सरांचा लेख फायनल खरा'. भाचा म्हणतो विषयाप्रमाणे लावा. वाचनालयाच्या समितीत दोघं म्हणतात गावाप्रमाणे, कारण लेख आजूबाजूच्या सगळ्या गावांवर आहेत. मला वाटतं सालाप्रमाणे. ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगावं.

२. खानापूरचा वाघ

गुरुजी, 'पाटील सर' म्हटलं की आमच्याकडे अर्धा गाव उभा राहतोय ओ. फाइलीला नाव द्यायच्या आधी सरांना नंबर द्या.

३. तिसरं गेट

गुरुजी, हेच काम करतो मी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ह्यूगोत फोल्डर म्हणजे नुसतं कपाट नाही, तो पत्ता आहे. 'कंटेंट' फोल्डरात 'लेख', त्यात 'हलशी-मंदिर' असं ठेवलं की साईटच्या नावापुढे तोच पत्ता लागतो: लेख, मग हलशी-मंदिर. (ही नावं प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, इथे कळावं म्हणून देवनागरीत लिहितो.) एकदा तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की तुमच्या हातात राहत नाही. पुढच्या वर्षी फोल्डर हलवलात की फिरलेल्या सगळ्या लिंका मेल्या. तेव्हा उद्या बदलू शकेल असं काहीही फोल्डरच्या नावात घालू नका.

दुसरी गोष्ट, एका लेखाला एक फोल्डर करा. आत 'इंडेक्स' नावाची मजकुराची फाइल आणि त्या लेखाचे फोटो तिच्या शेजारीच. फोटो सगळे एका ढिगात टाकलेत तर दोन वर्षांनी कुठला फोटो कुठल्या लेखाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तिसरी, आणि इथे सगळे आपटतात. लेखाच्या फोल्डरात फाइलीचं नाव नुसतं 'इंडेक्स'. पण अनेक लेख पोटात असलेल्या विभागाच्या फोल्डरात त्याच नावाआधी अंडरस्कोर, म्हणजे तळाशी असते ती आडवी रेघ, लागतो. उलटसुलट केलंत तर बोंब. पुढे सांगतो, आता क्लायंटचा फोन आहे.

४. पुण्यात पडलेला

असलं काम एकदाच करायचं तर पद्धतशीर करा. जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग साल, मग विषय, मग लेखक. सहा पायऱ्या. कुणालाही काहीही शोधता येईल. मी कंपनीत कागदपत्रांची अशीच रचना लावून दिली होती.

५. निपाणीकर

@पुण्यात पडलेला, साहेब, तालुक्याचं फोल्डर करताय तर आधी आमचं ऐका. निपाणी अगदी परवापरवापर्यंत चिकोडी तालुक्यात होती. मग वेगळा तालुका झाला. तुमच्या रचनेत आमचं अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे न्यायचं, म्हणजे गेटवाल्यांच्या भाषेत सगळ्या लिंका मेल्या.

आणि बरं झालं तुम्ही 'राज्य' घातलं नाहीत. माझ्या आजोबांचा जन्म मुंबई इलाख्यातला. १९५६ साली १ नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्याच तारखेला कर्नाटकात. घर तेच, गोठा तोच, उंबऱ्याचा दगडसुद्धा तोच. म्हातारा जागचा हलला नाही आणि फोल्डर तीन झाले.

६. कुंदाप्रेमी

आजोबांचा पॉईंट जबरदस्त! हा प्रतिसाद छापून समितीच्या भिंतीला लावा गुरुजी.

७. पुण्यात पडलेला

बरं, तालुका काढा. पण गाव तर बदलत नाही ना?

८. खानापूरचा वाघ

गाव बदलत नाही, स्पेलिंग बदलतंय. येळ्ळूरला एल एक की दोन? सुरुवातीला 'ये' की 'य'? हलशीच्या शेवटी एस-आय की एस-एच-आय? आमच्या बसच्या पाटीवर एक, पोस्टाच्या शिक्क्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. देवनागरीतच ठेवा की नावं. मराठी वाचनालय, मराठी अंक, मग फाइलीला इंग्रजी नाव कशाला?

९. अनगोळची सून

देवनागरी नावांचा हट्ट मीही धरला होता, त्याची गोष्ट सांगते. माझं डीटीपीचं काम. एका मंडळाच्या जुन्या स्मरणिका श्री-लिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये) केलेल्या होत्या, त्या युनिकोडमध्ये आणून फाइली लावायच्या होत्या. काही मजकूर कन्व्हर्टरमधून काढला, काही मी इन्स्क्रिप्टवर नव्यानं टाइप केला. फोल्डरचं नाव 'गावकऱ्यांच्या आठवणी'. एक दिवस बघते तर त्याच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी! कॉम्प्युटर एकाच नावाचे दोन फोल्डर एका जागी करूच देत नाही, मग हे झालं कसं? नवऱ्याला बोलावून दाखवलं, तो म्हणाला तुला चष्मा लागलाय.

शेवटी कळलं ते असं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, इन्स्क्रिप्टवर त्याला स्वतःची कळ आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. 'गावकऱ्यांच्या' आणि 'गावकर्‍यांच्या', दोन्ही इथे टाकलेत, सांगा बघू कुठला कुठला. डोळ्याला एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. शोधताना एकानं शोधलं तर दुसरा सापडत नाही. आणि आपल्या मराठीत शेतकऱ्यांच्या, दुसऱ्या, साऱ्या असल्या शब्दांशिवाय वाक्य होत नाही.

मजकुरात हे पुसून एकसारखं करता येतं (मी केलं, दोन दिवस गेले). पण फोल्डरच्या नावात असला घोळ नको. तेव्हापासून नावं इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत, मध्ये आडवी रेघ, संपलं.

१०. तिसरं गेट

अनगोळच्या वहिनींना शंभर गुण. त्यात माझी भर.

देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं चिन्ह. लिनक्स सर्व्हरवर फाइलीच्या नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे ८५ चिन्हं. लेखाचं अख्खं शीर्षक नावात घालणाऱ्यांनी मोजून बघावं. आणि तोच पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, टक्के-टक्के-टक्के. 'येळ्ळूर' या सुटसुटीत नावात सात चिन्हं आहेत, पत्त्यात त्याची ६३ अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक पाठवली की लोकांना वाटतं व्हायरस आला.

गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तेही देवनागरी नावं सरळ दाखवत नाही. 'क' च्या जागी \३४०\२४४\२२५ असं काहीतरी येतं. कोट-पाथ नावाची सेटिंग बंद केली की अक्षरं दिसतात, पण ती प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी करावी लागते.

चालत नाही असं नाही, चालतं. पण गुरुजी, हे काम उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार. त्याला कमीत कमी खड्डे ठेवा.

आणि कॅपिटल अक्षरं नकोतच. विंडोजला कॅपिटल आणि लहान सारखंच, लिनक्सला दोन वेगळी नावं. घरी फोटो दिसतो, साईटवर दिसत नाही, आणि रात्री दोनला मला फोन येतो.

११. बेळगाव लाईव्ह नाही

मग आपल्या शहराचं फोल्डर कुठल्या स्पेलिंगनं करायचं? जुनं बेलगॉम, बोलण्यातलं बेळगाव की १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं सरकारी बेळगावी?

१२. खानापूरचा वाघ

आला! मी वाटच बघत होतो.

१३. सीमेपलीकडचा

यात विचारायचं काय? बेळगाव. आम्ही चंदगडचे लोक आठवड्याला बाजाराला येतो ते बेळगावला. सरकारी पाटीवर काय लिहिलंय ते बघून कुणी बसमध्ये चढतं काय?

१४. कॅम्पातला

सरकारी कागदावर जे नाव आहे तेच घ्यावं लागेल, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार कसं? भावना बाजूला ठेवा.

१५. सीमेपलीकडचा

@कॅम्पातला, भावना बाजूला ठेवायला तुम्हाला सोपं आहे. महाजन आयोग १९६६ ला नेमला, ६७ ला अहवाल आला, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. आम्ही भावना बाजूला ठेवल्या असत्या तर

१६. संपादक

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे आणि तो दोनशे पानांच्या पुढे गेलाय. इथे फोल्डर. क्रमांक १५ चा उरलेला भाग तिकडे हलवला आहे.

१७. कुंदाप्रेमी

संपादकांनी प्रतिसाद दुसऱ्या फोल्डरात हलवला, आता लिंक मेली का?

१८. ग्रंथपालबाई

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली. कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, पण तुम्ही जे भांडताय ते आमच्याकडे कधीच मिटलेलं आहे.

पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं. ४२१७ तर ४२१७. ते फाटलं, हरवलं, वाळवीनं खाल्लं तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत, वहीत पुढे 'बाद' लिहितात. हा एक भाग. दुसरा भाग वर्गांक, म्हणजे विषय. ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६. आमचे रंगनाथन यांची कोलन पद्धत १९३३ ची, तिच्यात आणखी वेगळं. वर्गांक देण्यात दोन ग्रंथपालांचं एकमत होईलच असं नाही. आमच्याकडे लोककथा साहित्यात ठेवायच्या की समाजशास्त्रात यावरून दोन मॅडम चार महिने बोलत नव्हत्या. तिसरा भाग कार्डं. एकाच पुस्तकाचं लेखकाच्या नावानं एक कार्ड, शीर्षकाचं एक, विषयाची एक किंवा दोन. कार्डं कितीही करा. पुस्तक मात्र कपाटात एकाच जागी.

तुम्ही सगळे कार्डांचं काम कपाटाकडून करून घेताय. गुरुजी, साल, गाव, विषय, लेखक ही चारही कार्डं आहेत. यातलं एकही कपाट नाही.

१९. तिसरं गेट

बाई, नमस्कार. मी दोन दिवस जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते तुम्ही एका प्रतिसादात सांगून मोकळ्या झालात.

गुरुजी, ह्यूगोत कार्डांची सोय तयार आहे. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर, दोन रेघांच्या मध्ये, लेखाची माहिती लिहायची जागा असते, तिला फ्रंट मॅटर म्हणतात. तिथे शीर्षक, लेखक, साल, गावं, विषय लिहायचे. इथे बिनधास्त देवनागरीत लिहा. मग 'गाव' आणि 'लेखक' हे कप्पे एकदा सेटिंगमध्ये सांगून ठेवले की नंदगडवरच्या सगळ्या लेखांचं पान, अमुक लेखकाचं पान, ही पानं तो आपोआप करतो. एका लेखात तीन गावं असली तर तिन्ही लिहा, तिन्ही पानांवर येईल. फोल्डरात हे जमलं असतं काय? एक लेख तीन फोल्डरांत ठेवून तीन प्रती झाल्या असत्या आणि दुरुस्ती एकातच झाली असती.

आणि फोल्डरचं नाव दाखल क्रमांक. ०००१ पासून. पुढे शून्यं लावायला विसरू नका, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० येतं आणि २ त्याच्या खाली कुठेतरी.

२०. पुण्यात पडलेला

नुसता नंबर असलेला पत्ता कुणाला कळणार? '०१४७' वाचून माणूस क्लिक करेल का? गूगललाही शब्द लागतात. सहा पायऱ्यांचं मी मागे घेतो, पण एवढं रुक्षही नको.

२१. तिसरं गेट

तुमचं बरोबर आहे. '०१४७-हलशी-मंदिर' करा. नंबर ओळखीसाठी, शब्द माणसासाठी.

२२. ग्रंथपालबाई

मला शब्द नको वाटतो. शब्द आला की स्पेलिंग आलं, स्पेलिंग आलं की दुरुस्तीची खाज आली.

२३. तिसरं गेट

खाज आलीच तर फ्रंट मॅटरमध्ये 'एलियासेस' अशी जागा असते. तिथे जुना पत्ता लिहून ठेवायचा, जुन्या लिंकवर आलेला माणूस नव्या पानावर जातो. क्र. ११ चं उत्तरही तेच. एक स्पेलिंग कुठलंही धरा, ते एका फाइलीत लिहून ठेवा, आणि सगळ्यांनी तेच वापरा. गावांच्या स्पेलिंगची ती एक यादी वाचनालयाच्या भिंतीवर पाहिजे.

२४. ग्रंथपालबाई

यादी करणार असाल तर चालेल. माझं मत मात्र तेच.

२५. वाचनालयवाले गुरुजी

सगळ्यांचे आभार. बाईंनी डोक्यातला गुंता सोडवला. मी स्वतः शाळेत जनरल रजिस्टर लिहीत होतो, मुलाचा रजिस्टर नंबर वर्ग बदलला तरी बदलत नाही हे रोज बघत होतो. आणि इथे साल-गाव-विषय करत बसलो.

सालाचा हट्ट सोडायला आणखी एक कारण सापडलं. १९८६ चा अंक निघालाच नाही. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलेलं, अंकाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या वर्षी ८६-८७ चा जोडअंक काढला. सालाचं फोल्डर केलं असतं तर हा कुठे टाकला असता?

दोन प्रश्न. एक, समितीतले एक सदस्य म्हणतात काही लेख कन्नडमध्येही द्यावेत. ते कुठे ठेवायचे? दोन, अंकांचे स्कॅन भाच्यानं त्याच फोल्डरात टाकलेत, सगळं मिळून ४० जीबी झालंय आणि अपलोड होत नाही.

२६. बेळगाव लाईव्ह नाही

मराठी वाचनालयाच्या साईटवर कन्नड कशाला?

२७. दोन्ही घरचा

माझी आई कन्नड, वडील मराठी, राहणं चिकोडीजवळ. माझी मुलगी कन्नड माध्यमात शिकते. वडिलांनी गावच्या यात्रेवर एका अंकात लिहिलेला लेख आहे, तो मी तिला रात्री वाचून दाखवतो आणि अडेल तिथे कन्नडमध्ये सांगतो. तिला स्वतःला वाचता आला तर मला आवडेल. 'कशाला' याचं माझं उत्तर एवढंच.

२८. तिसरं गेट

कन्नडसाठी वेगळं झाड करू नका. त्याच लेखाच्या फोल्डरात 'इंडेक्स' नंतर भाषेची खूण घालून दोन फाइली: मराठीला 'एमआर', कन्नडला 'केएन'. शेजारी फोटो असतात ते दोन्ही भाषांना तेच लागतात. एक लेख, एक नंबर, दोन भाषा एका छताखाली. ज्याची कन्नड फाइल नाही तो मराठीतच राहील, काही बिघडत नाही.

स्कॅन मात्र तिथून आजच्या आज बाहेर काढा. गिटहब (गिटमधल्या फाइली ऑनलाइन ठेवायची जागा) १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, आणि त्यांच्या फुकट साईटची मर्यादा एक जीबीची आहे. गिटमध्ये एकदा गेलेली मोठी फाइल नंतर पुसली तरी इतिहासात बसून राहते. मूळ स्कॅन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. साईटवर जाईल तो फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा, दोनतीनशे केबीत बसतो.

२९. अनगोळची सून

आणि मूळ स्कॅनच्या फाइलींनाही तोच दाखल क्रमांक द्या गुरुजी. ०१४७-पान-०३ असं. पाच वर्षांनी कुणी चांगली प्रत मागितली तर डिस्कवर शोधत बसायला नको.

३०. कॅम्पातला

सगळं वाचतोय. पण एवढ्या खटाटोपापेक्षा सरळ पीडीएफ करून गूगल ड्राइव्हवर टाकलं तर काय बिघडतं?

३१. अनगोळची सून

@कॅम्पातला, बिघडतं ते असं. माझ्याकडे १९९४ सालची पेजमेकर या जुन्या डीटीपी प्रोग्रामची फाइल आहे. सीडीही आहे. ती आज उघडून द्या, मी तुम्हाला मांडे खायला घालते. साधी टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये तेव्हाही उघडत होती, आत्ताही उघडते. उद्या ह्यूगो बंद पडलं तरी मजकूर हातात राहतो. स्कॅनच्या पीडीएफमध्ये शब्द शोधून दाखवा बघू, नुसती चित्रं असतात ती.

३२. खानापूरचा वाघ

मांड्यासाठी मीपण प्रयत्न करूलोय. सीडी पाठवा.

३३. वाचनालयवाले गुरुजी

मंडळी, घात झाला. रात्री अकरापर्यंत बसून ११० लेखांना नंबर दिले, फोल्डर केले. 'लेख' या मोठ्या फोल्डराला वर दोन ओळींची प्रस्तावना हवी म्हणून तिथे एक फाइल केली. साईट उघडतो तर प्रस्तावना दिसते आणि ११० च्या ११० लेख गायब. फाइली जागेवर आहेत. मला घाम फुटला, मागच्या वेळची आठवण झाली.

३४. तिसरं गेट

घाबरू नका, काही गेलेलं नाही. प्रस्तावनेच्या फाइलीचं नाव काय?

३५. वाचनालयवाले गुरुजी

इंडेक्स.

३६. तिसरं गेट

हाच तो अंडरस्कोर. क्र. ३ मध्ये पुढे सांगतो म्हणालो आणि राहिलं, माझीच चूक. नुसतं 'इंडेक्स' म्हटलं की ह्यूगो समजतो की 'लेख' हे फोल्डरच एक लेख आहे आणि आतलं सगळं त्याचं सामान, फोटोसारखं. मग आतल्या फाइलींची वेगळी पानं तो करत नाही. नावाआधी अंडरस्कोर लावा आणि बघा.

३७. वाचनालयवाले गुरुजी

आले. सगळे आले. एका आडव्या रेघेनं रात्रभर झोप नाही.

३८. पुण्यात पडलेला

आणखी एक खड्डा सांगून ठेवतो, माझा स्वतःचा. फ्रंट मॅटरमध्ये आजची तारीख आणि सकाळचे दहा लिहिले तर पान लगेच दिसत नाही. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, आपण साडेपाच तास पुढे, आणि पुढची वेळ असलेलं पान ह्यूगो छापत नाही. ते दुपारी साडेतीननंतर केव्हातरी परत साईट बनवली तरच येतं. मी दिवसभर फोल्डर हलवत बसलो होतो. वेळेपुढे +०५:३० लिहायचं, झालं.

३९. कुंदाप्रेमी

जुन्या लेखांना तारीख काय देणार गुरुजी? आजची की अंकाची?

४०. ग्रंथपालबाई

अंकाची. आजची तारीख ही दाखल झाल्याची तारीख, ती वेगळ्या रकान्यात. वहीत आम्ही दोन्ही लिहितो.

४१. वाचनालयवाले गुरुजी

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम उरकत आलं, म्हणून कसं झालं ते सांगतो.

३१२ मधले १५ लेख दोनदा टाइप झालेले निघाले (फायनल आणि फायनल खरा यांत एका स्वल्पविरामाचा फरक होता). उरले २९७. ०००१ ते ०२९७ नंबर झाले, पुढे एकदोन शब्द. बाई रागावतील, पण समितीला नुसता नंबर पटेना. वरचे फोल्डर चारच: लेख, अंक, फोटो, वाचनालय. अंक विभागात एका अंकाला एक पान, त्यात जोडअंकही '१९८६-८७' म्हणून सुखानं बसला. गाव, लेखक, विषय, साल सगळं फ्रंट मॅटरमध्ये. स्पेलिंगची यादी ६४ गावांची झाली आणि ती करताना समितीची बैठक चार तास चालली, दोनदा चहा झाला. शहराचं काय केलं ते इथे लिहीत नाही, संपादकांना काम लागेल.

कन्नडमध्ये सध्या पाच लेख आहेत. दोन्ही घरच्यांच्या वडिलांचा यात्रेचा लेख त्यात आहे, भाषांतर त्यांनीच दिलं.

खरी वही पण केली, कागदाची, २०० पानी. बाईंच्या सांगण्याप्रमाणे दाखल तारीख, अंकाची तारीख, शेरा. लाईट गेली तरी नंबर सापडतो.

एकच राहिलंय. १९९२ च्या अंकाची आमच्याकडे एकच प्रत आहे आणि तिच्यात ४१-४२ हे पान फाटलेलं. ०१८८ नंबरचा लेख अर्ध्यावर तुटतो. कुणाकडे तो अंक असेल काय?

४२. निपाणीकर

माझी आत्या तुमच्या शेजारच्या गावात दिलेली. वाचनालयाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत तरी आम्हाला कळलं, लपतंय थोडंच. तिच्या माळ्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. रविवारी जातोय.

४३. निपाणीकर

सापडला. कडा वाळवीनं खाल्ल्यात पण ४१-४२ शाबूत आहे. ४१ वर लेख चालू, खाली गुळाच्या अडत दुकानाची जाहिरात. ४२ वर लेख संपतो. मोबाईलवर फोटो काढून पाठवू?

४४. वाचनालयवाले गुरुजी

फोटो नको, स्कॅन करा, ६०० डीपीआय. जाहिरातही घ्या. आणि फाइलीला नाव देऊ नका, ते मी देतो.